बाईंना विचारा : तिकिटं विकणाऱ्या पोरींचा क्लब

गेल्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या. २०१८च्या उन्हाळ्यात भाचीकडे इंग्लंडला गेले होते, तेव्हा डॉनकास्टर गावातल्या 'डॉनकास्टर बेल्स' या बायकांच्या फुटबॉल क्लबची गोष्ट कळली, आणि तो क्लब म्हणे मैदानावर सोडतीची तिकिटं विकणाऱ्या बायकांनी काढला होता. एवढंच. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. गुडघेदुखी, क्रीडागुण आणि सूर्यनमस्कारांचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. रागावू नका.

प्रश्न : बाई, माझी मुलगी नववीत आहे, शाळेत मुलांच्यात फुटबॉल खेळते. तुमचं वाचल्यापासून त्या क्लबचं वेड घेऊन बसली आहे. तिच्या आजीला मात्र हे काही पटत नाही. तो क्लब खरंच साध्यासुध्या बायकांनी काढला, की मागे कुणी मोठं माणूस होतं? जरा नीट सांगाल का?
— एक आई, तासगाव

उत्तर : ताई, मागे कुणी नव्हतं. म्हणून तर ती गोष्ट माझ्या डोक्यात बसली.

डॉनकास्टर म्हणजे आपली मिरज समजा. रेल्वेचं गाव. 'फ्लाइंग स्कॉट्समन' आणि 'मॅलर्ड' ही जगप्रसिद्ध वाफेची इंजिनं तिथल्या कारखान्यात बनली, एक १९२३ साली आणि दुसरं १९३८ साली. आजूबाजूला कोळशाच्या खाणी. गावाला घोड्यांच्या शर्यतीचा जुना नाद. सेंट लेजर ही शर्यत १७७६ पासून चालू आहे. त्या रेसकोर्ससमोरच डॉनकास्टर रोव्हर्स या पुरुषांच्या क्लबचं मैदान होतं, बेल व्ह्यू. मी गेले तेव्हा ते राहिलं नव्हतं. २००६च्या डिसेंबरात तिथे शेवटचा सामना झाला आणि क्लब नव्या स्टेडियमला गेला. तरी मी भाचीला म्हटलं, जागा तरी दाखव. तिच्या शेजारचे एक आजोबा, रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आमच्याबरोबर आले. एवढ्या लांबून आलेली नऊवारीतली बाई रोव्हर्सचं सोडून बेल्सचं विचारते, याची त्यांना मोठी मौज वाटली.

तर या बेल व्ह्यूवर पुरुषांचा सामना असला की काही बायका प्रेक्षकांत हिंडून सोडतीची तिकिटं विकायच्या. क्लबला चार पैसे मिळावेत म्हणून. आपल्याकडे गणपतीत पावतीपुस्तक घेऊन पोरं फिरतात ना, तसंच. १९६९ साली याच बायकांनी ठरवलं, आपणही खेळायचं. त्यांच्यातलं पुढचं नाव शीला स्टॉक्स. शीला म्हटलं की आपल्याला आपली वाटते, पण बाई अस्सल यॉर्कशायरची. संघाचं नाव ठेवलं 'बेल व्ह्यू बेल्स'. 'बेल' म्हणजे फ्रेंचमध्ये देखणी. बेल व्ह्यूच्या देखण्या! चिखलात लोळणाऱ्या पोरींनी स्वतःला हे नाव घ्यावं, यातला खट्याळपणा मला फार आवडतो. लोकांनी चिडवायच्या आत आपणच नाव घेऊन मोकळं व्हायचं. पुढे त्याचं 'डॉनकास्टर बेल्स' झालं, आणि २००३ साली पुरुषांच्या क्लबशी जोडल्यावर 'डॉनकास्टर रोव्हर्स बेल्स'.

आता पराक्रम सांगते, आजींनाही वाचून दाखवा. इंग्लंडमध्ये बायकांचा एक राष्ट्रीय चषक असतो, एफए कप. १९८३ ते १९९४ या बारा वर्षांत बेल्स अकरा वेळा त्याच्या अंतिम सामन्यात पोहोचल्या. सहा वेळा जिंकल्या : १९८३, ८७, ८८, ९०, ९२ आणि ९४. मधलं एकच वर्ष चुकलं, १९८९. आणि नेमका त्याच वर्षीचा अंतिम सामना चॅनेल फोरने टीव्हीवर थेट दाखवला! वर्षभर घर लख्ख ठेवावं आणि पाहुणे नेमके आपण गावाला गेल्यावर यावेत, तसलं हे नशीब.

१९९१ मध्ये बायकांची राष्ट्रीय लीग सुरू झाली. पहिल्याच मोसमात बेल्सनी चौदापैकी चौदा सामने जिंकले आणि कपही घेतला. तो अंतिम सामना ४-० असा सुटला. चारपैकी तीन गोल कॅरेन वॉकर या पोरीचे.

पण माझी लाडकी खेळाडू वेगळी. जिलियन कोल्टार्ड. उंची जेमतेम पाच फूट, म्हणजे आपल्या खो-खोच्या पोरीएवढीच. तेराव्या वर्षी बेल्समध्ये आली ती तिथलीच झाली. इंग्लंडकडून ११९ सामने खेळली. सामन्यांचं शतक गाठणारी ती इंग्लंडची पहिली स्त्री. १९९५च्या विश्वचषकात इंग्लंडच्या बायकांचा पहिलाच सामना कॅनडाशी होता. तो ३-२ असा जिंकला, त्यातले दोन गोल हिचे. आणि हे सगळं करताना बाई पोटासाठी कारखान्यात कामाला होती. खेळाचा पगार नव्हता. आजी विचारतील, यातून पोटाला काय मिळालं, तर खरं उत्तर 'काही नाही' हेच आहे. मी खोटं सांगणार नाही. तिला खेळायचं होतं, ती खेळली.

प्रश्न : मा. बाई, स.न.वि.वि. फुटबॉल इंग्रजांनीच जगाला दिला. माझा नातू मोबाइलवर वाचून सांगतो की त्याच इंग्लंडात बायकांच्या फुटबॉलला पन्नास वर्षं बंदी होती. मला ही थाप वाटते. खुलासा करावा.
— निवृत्त रेल्वे कर्मचारी, मिरज

उत्तर : काका, नातवाला शाबासकी द्या. थाप नाही.

पहिल्या महायुद्धात पुरुष लढायला गेले आणि कारखान्यांत बायका आल्या. प्रेस्टन शहरात डिक, कर नावाचा कारखाना होता. आपली किर्लोस्करवाडी डोळ्यांसमोर आणा, फक्त पंपांऐवजी ट्राम आणि रेल्वेचं सामान. युद्धात तिथे दारूगोळा बनायला लागला. तिथल्या कामगार पोरी जेवणाच्या सुट्टीत चेंडू लाथाडू लागल्या, त्यांचा संघ झाला आणि १९१७च्या नाताळात त्यांनी पहिला मोठा सामना खेळला, जखमी सैनिकांच्या मदतीसाठी. लोकांनी अशी गर्दी केली की १९२०च्या नाताळाच्या सुट्टीत लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ५३,००० माणसं त्यांचा सामना बघायला आली. तिकीट काढून, काका!

वर्ष संपायच्या आत, ५ डिसेंबर १९२१ ला, फुटबॉल असोसिएशनने (हीच ती 'एफए', तिकडच्या फुटबॉलची मुख्य संघटना) ठराव केला. हा खेळ बायकांना अगदी अयोग्य आहे, सबब कुठल्याही सभासद क्लबाने आपलं मैदान त्यांना देऊ नये. जमा होणारे पैसे नीट धर्मादायाला जात नाहीत, असाही एक ठपका त्यात होता. चारित्र्यावर बोलता आलं नाही की हिशेबावर बोलायचं, ही रीत तिकडेही आहे तर.

यातली मेख बघा. खेळायला बंदी नव्हती. कुणाला पकडलं नाही, कुणाला दंड केला नाही. फक्त मैदानाच्या फाटकाला कुलूप लावलं. मग राहिली उद्यानं आणि माळरानं. तिथे ना गॅलरी ना तिकीट. जो खेळ पन्नास हजार माणूस बघत होतं, तो बघायला घरची माणसं उरली.

हे कुलूप १९७१ साली निघालं. म्हणजे १९६९ साली बेल्स जन्मल्या तेव्हा ठराव अजून कागदावर होताच. बेल व्ह्यूच्या गॅलरीत हिंडून तिकिटं विकायला त्यांना मोकळीक होती, पण नियमाने बघाल तर त्याच हिरवळीवर चेंडू घेऊन उतरायला नव्हती. १९६९च्या शेवटी बायकांनी आपली वेगळी संघटना काढली, तेव्हा कुठे चाकं फिरायला लागली.

आपल्याकडचं एक सांगून ठेवते, कारण हे कुणी सांगत नाही. १९८३ साली बेल्सनी पहिला कप जिंकला, त्याच साली आपल्या भारताच्या मुली आशियाई चषकात उपविजेत्या होत्या. नातवाला विचारा, हे मोबाइलवर वाचलं होतं का.

प्रश्न : बाई, मी इंटरनेटवर बघितलं. तुमचा हा क्लब २०१८ ला दुसऱ्या विभागात पहिला आला आणि नंतर वर जायच्या ऐवजी खाली गेला. हे कसं काय? गुण मोजायला चुकले का? शिवाय एकदा मोसम संपायच्या आधीच खाली ढकललं म्हणे.
— बी.एस्सी. दुसरं वर्ष, विटा

उत्तर : बाळा, गुण बरोबर मोजले होते. मोजणारे दुसरंच काहीतरी मोजत होते.

तुला क्रिकेटचे गट माहीत असतील. इंग्लंडचा फुटबॉल जिन्यासारखा असतो. वरच्या पायरीवरचे शेवटचे खाली, खालच्या पायरीवरचे पहिले वर. गावातला संघही, निदान कागदावर, जिंकत जिंकत शेवटच्या पायरीपर्यंत जाऊ शकतो. हीच त्यातली गंमत. २०११ मध्ये बायकांची वुमेन्स सुपर लीग निघाली तेव्हा हा जिना जरा बाजूला ठेवला. क्लबांनी अर्ज करायचे, आपला पैसा, मैदान, कर्मचारी, जाहिरात दाखवायची, आणि असोसिएशन परवाना देणार. पहिले आठ क्लब निवडले, त्यांत आर्सेनल, चेल्सी, लिव्हरपूल यांच्या पंगतीला आमच्या बेल्स होत्या.

२०१३ ला पुढच्या मोसमापासून दोन विभाग करायचं ठरलं आणि पुन्हा अर्ज मागवले. एप्रिल महिना, बेल्सचा मोसमातला एकच सामना झालेला, आणि निकाल आला : पुढच्या वर्षी तुम्ही दुसऱ्या विभागात. वरच्या विभागात नवीन येणार मँचेस्टर सिटी, जो तेव्हा खालच्या लीगमध्ये खेळत होता. राष्ट्रीय लीग १९९१ ला सुरू झाल्यापासून बेल्स कायम वरच्या पायरीवर होत्या. अपील केलं, फेटाळलं गेलं. मग पोरींनी तो अख्खा मोसम खेळायचा होता, खाली जाणार हे माहीत असताना!

आता उलटी बाजूही सांगते, नाहीतर म्हणशील बाई एकतर्फी बोलतात. त्या मोसमात बेल्स शेवटच्या नंबरावर राहिल्या. म्हणजे जुन्या नियमानेही कदाचित गेल्याच असत्या. पण निकाल आधी लावून परीक्षा नंतर घेतली, तर मुलाने पेपरात काय लिहिलं यावरून आपण काय ठरवणार? आणि पैसेवाल्यांना घेतलं की क्लब टिकतो म्हणावं तर तसंही नाही. त्या आठांतला लिंकनचा क्लब नॉटिंगहॅमला हलवून त्याचं नाव नॉट्स काउंटी केलं, आणि २०१७च्या एप्रिलमध्ये मोसम सुरू व्हायच्या दोन दिवस आधी तो गुंडाळला. पोरी किटबॅग भरून तयार, आणि संघच नाही.

बेल्स मात्र पुन्हा वर चढल्या, २०१५ ला. पुढच्याच वर्षी खाली आल्या, तो खेळातला पराभव, त्याबद्दल तक्रार नाही. मग २०१८ ला दुसऱ्या विभागात पहिल्या. तोवर नियम पुन्हा बदलला होता. वरच्या पायरीवर पूर्णवेळ पगारी खेळाडू हवेत. बेल्सकडे तेवढा पैसा नव्हता. त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या पायरीवरची जागासुद्धा पैशापायी सोडावी लागली आणि विजेता संघ थेट तिसऱ्या पायरीवर आला. वर्षभराने चौथ्या. मी तिथे होते ते त्या २०१८च्या उन्हाळ्यातच. आजोबा फार बोलले नाहीत. ट्रॉफी घरात आहे आणि घर विकलंय, असं काहीतरी माझ्या मनात आलं, पण इंग्रजीत नीट सांगता आलं नाही.

हे वाचून तू हळहळला असशील तर माझीही एक ऐक. पुष्कळ वर्षांपूर्वी सांगलीतल्या एका शाळेत मी मुलींचा खो-खोचा संघ बांधला. मैदान शाळेचं नव्हतं, शेजारच्या एका संस्थेचं होतं. तीन वर्षं आम्ही रोज सकाळी फक्की मारून खेळलो. चौथ्या वर्षी जिल्हा जिंकला, विभागीय स्पर्धा वीस दिवसांवर, आणि एका सकाळी गेलो तर दोन्ही खांब उपटून भिंतीला टेकवलेले. मैदान प्रदर्शनाला भाड्याने दिलं होतं. विचारायला गेले तर म्हणाले, बाई, तुमच्या पोरी चांगल्या खेळतात, पण मैदानाला खर्च आहे. अर्ध्या रागात मी म्हटलं असेन काहीतरी, आता आठवत नाही. आम्ही मार्केट यार्डाजवळ हळदीच्या एका वखारीच्या आवारात सराव केला. पोरींचे तळवे पिवळे व्हायचे, हळद लागल्यागत. त्या विभागीयला जाऊन उपांत्य फेरीपर्यंत खेळल्या. पुढच्या वर्षी ना मैदान ना वखार. संघ राहिला नाही. पुढे निवृत्त होईपर्यंत मी वर्गात कवायत शिकवली.

म्हणून मी कुठल्याही क्लबचं वाचलं की कप किती, हे नंतर बघते. आधी बघते, फाटकाची किल्ली कुणाकडे आहे.

प्रश्न : सांगलीत पूर येतो, रस्त्यांना खड्डे, आणि तुम्हाला इंग्लंडच्या चौथ्या फळीतल्या बायकांच्या क्लबाचं कौतुक. याचा आम्हाला काय उपयोग?
— नाव-पत्ता नाही

उत्तर : पूर म्हणालात म्हणून सांगते. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या गल्लीत होडी आली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात डॉनकास्टरची डॉन नदी फुटली आणि शेजारचं फिशलेक गाव पाण्यात गेलं. भाचीचा फोन आला तेव्हा पहिल्यांदा मीच तिला सांगितलं, कपाटातले कागद माळ्यावर टाक. तेवढा तरी उपयोग झाला.

आणि चौथ्या फळीचं म्हणाल, तर २०२२ साली इंग्लंडच्या मुलींनी युरो चषक जिंकला, वेम्बलीवर ८७,१९२ प्रेक्षक होते. त्या संघातली मिली ब्राइट, गोलरक्षक मेरी इयर्प्स आणि बेथ इंग्लंड, तिघी कधी ना कधी बेल्सकडून खेळलेल्या. त्यातली बेथ त्या काळात मासे-चिप्सच्या दुकानात काम करायची. मोठ्या क्लबांनी नंतर त्यांना नेलं, पगार दिला, चांगलंच केलं. आपल्याकडे बोरं कुठली आणि विकायची कुठे, हे काही नवीन नाही.

खड्ड्यांसाठी महापालिकेला लिहा. मीही लिहिलंय, दोनदा.

प्रश्न : बाई, मीच ती नववीतली. आईने पत्र पाठवलं ते मला माहीत आहे. आमच्या शाळेत फुटबॉल खेळणाऱ्या आम्ही सातच मुली आहोत. सातजणींचा क्लब होतो का? मुलं म्हणतात अकरा लागतात.
— तासगाव

उत्तर : होतो. मुलांना सांग, तुमचेही रोज अकरा येत नाहीत.

खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटरचं असतं, ते शाळेत असेलच. त्यावर चार-चार जणींचा खेळ झकास होतो. सातजणी आहात, आठवा तुझा भाऊ किंवा शिपाईमामांची मुलगी, कुणीही. गोलाला दोन दप्तरं पुरतात. चेंडू पाच नंबरचा घे, तुमच्या वयाला तोच. लहान घेतलास तर नंतर मोठा जड वाटतो. बूट नसले तर नसू देत, पण अनवाणी आणि बूटवाल्या एकत्र खेळू नका, अंगठा जातो.

दुसरं म्हणजे एक वही कर. कोण आलं, किती वाजता आलं, कुणी किती दिले, चेंडूला किती गेले. रोज. हसू नकोस. उद्या कुणी म्हणालं की इथे मुली खेळतच नाहीत, तर वही पुढे करता येते. मैदानाची वेळ मुख्याध्यापकांकडून कागदावर लिहून घे, तोंडी नको. वर सांगितलेली खांबांची गोष्ट आईकडून वाचून घे म्हणजे कळेल का ते.

अकराजणी जमल्या की सतरा वर्षांखालच्या मुलींची सुब्रतो कप स्पर्धा असते, तिची सुरुवात शाळा-तालुक्यापासूनच होते. तुमच्या क्रीडाशिक्षकांनी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून तारखा काढायच्या. ते विसरले तर तू आठवण कर, आठवण केल्याचंही वहीत लिही.

नाव काय ठेवणार ते मात्र तुमचं तुम्ही ठरवा. आजींना विचारलंस तर कदाचित चांगलं सुचवतील, आणि विचारल्यावर त्यांना विरोध करणं जरा अवघड जाईल. पहिला सामना ठरला की दिवस कळव. एस.टी.ने तासगाव मला काही लांब नाही, आणि शिट्टी अजून माझ्याकडे आहे.